गृहनिर्माण / मिळकत व्यवस्थापनातल्या सरकारी मदतनीस पदांसाठी पात्रता काय लागते? (नाशिक)

सातपूरची_सई
बी.कॉम. झालेलं, मराठी टायपिंग ३०, एमएस-सीआयटी. एवढ्यावर म्हाडा, सिडको, घरकुल कक्ष, सरकारी क्वार्टर्स अशा ठिकाणी मिळकत व्यवस्थापनाला मदत करणाऱ्या पदांसाठी अर्ज करता येतो का? एका क्लासवाल्यांचं म्हणणं, "हाउसिंग मॅनेजमेंटचा डिप्लोमा असल्याशिवाय उभं करत नाहीत." फी ४० हजार. दुसऱ्या क्लासमध्ये सांगतात की कुठलीही पदवी चालते. जाणकारांनी नीट सांगा, म्हणजे इतरांनाही उपयोग होईल.

नस्तीवाला
४० हजार आधी खिशातच ठेवा.

‘गृहनिर्माण व्यवस्थापन साहाय्यक’ या नावाचं पद शोधाल तर हाती काही लागणार नाही. काम तेच, पण पदनामं वेगळी: कनिष्ठ लिपिक-टंकलेखक, वरिष्ठ लिपिक, सहायक, आणि वर मिळकत व्यवस्थापक. म्हाडाची २०२१ ची सरळसेवा जाहिरात काढून बघा. एकूण ५६५ पदं होती. त्यात कनिष्ठ लिपिक-टंकलेखक २०७, वरिष्ठ लिपिक ७३, सहायक १८, लघुटंकलेखक २०, भूमापक ११, अनुरेखक ७, आणि मिळकत व्यवस्थापक / प्रशासकीय अधिकारी फक्त २. उरलेली बहुतेक अभियंत्यांची. (पेपरफुटीमुळे डिसेंबर २०२१ मधली परीक्षा आदल्या रात्री पुढे ढकलली आणि मग २०२२ च्या सुरुवातीला ऑनलाइन घेतली, तीच ही भरती.)

पात्रता ढोबळमानाने अशी: कनिष्ठ लिपिकाला कुठल्याही शाखेची पदवी, मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट टंकलेखन आणि एमएस-सीआयटी. वरिष्ठ लिपिकाला पदवी आणि ३ वर्षांचा अनुभव. सहायकाला पदवी आणि ५ वर्षांचा. भूमापक आणि अनुरेखक यांना दहावीनंतर त्या त्या ट्रेडचा आयटीआय. हाउसिंग मॅनेजमेंटचा डिप्लोमा यात कुठेच नाही.

सई, तुमची कागदं लिपिकपदाला पुरतात. आता एक गोष्ट ध्यानात घ्या. म्हाडाची मंडळं नऊ आहेत. नाशिक मंडळाकडे नाशिक, धुळे, नंदुरबार, जळगाव आणि अहिल्यानगर हे पाच जिल्हे येतात, कार्यालय गडकरी चौकात. पण जाहिरात अख्ख्या प्राधिकरणाची निघते. गडकरी चौकच मिळेल असं धरून बसू नका, पहिली नेमणूक वांद्र्यालाही होऊ शकते.

उपनगर_नाका
पगाराचं कोणी विचारण्याआधीच सांगून टाकतो. सातव्या वेतन आयोगात लिपिकाचा वेतनस्तर एस-६, म्हणजे १९,९००–६३,२००. वरिष्ठ लिपिक एस-८, २५,५००–८१,१००. शिवाय महागाई भत्ता, घरभाडे वगैरे.

टंकमित्र
टायपिंगवर सविस्तर लिहितो, कारण सगळ्यांत जास्त अर्ज इथेच आपटतात.

पहिली चूक इंग्रजी ३० चं प्रमाणपत्र जोडण्याची. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या जीसीसी-टीबीसी (संगणक टंकलेखन) परीक्षेत इंग्रजी ३० आणि इंग्रजी ४० या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. लिपिकपदाच्या जाहिरातीत ‘मराठी ३० किंवा इंग्रजी ४०’ असतं. इंग्रजी ३० पास झालेला माणूस ‘टायपिंग आहे’ असं टिकमार्क करून मोकळा होतो आणि कागदपत्र पडताळणीला बाहेर जातो. मराठी ३० असेल तर प्रश्नच नाही.

दुसरी चूक कीबोर्डची. संस्थेत मराठी शिकवतात ते रेमिंग्टन मांडणीवर. घरी मात्र लोक मोबाईलसारखं उच्चारावर टाइप करतात: इंग्रजी अक्षरं दाबायची आणि मराठी उमटतं. त्याने वेग वाढल्यासारखा वाटतो, पण बोटांना लागलेली ती सवय परीक्षेत नडते. कौशल्य चाचणीत मांडणी आधी निवडावी लागते, रेमिंग्टन किंवा इनस्क्रिप्ट. एकदा ठरवलं की रोज तीच, मध्ये अदलाबदल नाही.

तिसरं, वेगाचं गणित. एक शब्द म्हणजे पाच कळा धरतात. मराठी ३० म्हणजे मिनिटाला १५०, दहा मिनिटांत १,५०० कळा. इंग्रजी ४० म्हणजे दहा मिनिटांत २,०००. घरी सराव करताना शब्द न मोजता कळा मोजा. ‘गृहनिर्माण’ हा एकच शब्द पाहा, ऋकार, रफार, णचा काना, सगळं आलं. ‘हस्तांतरण’, ‘प्रतिज्ञापत्र’, ‘नियमितीकरण’ ही तर या खात्याची रोजची भाकरी. रेमिंग्टनमध्ये रफार अक्षर मारून झाल्यावर येतो, इनस्क्रिप्टमध्ये आधी र आणि हलंत. ‘निर्माण’चा ‘निमार्ण’ होतो तो इथेच.

लक्षात ठेवण्यासारखं अजून एक: जीसीसी-टीबीसीला नुसता वेग बघत नाहीत. पत्र, तक्ता, ई-मेल आणि वस्तुनिष्ठ प्रश्नही असतात. वेगात पास आणि तक्त्यात नापास असे निकाल दर वेळी दिसतात.

सातपूरची_सई
एमएस-सीआयटीऐवजी सीसीसी चालतं का? एका मैत्रिणीचं ते आहे.

टंकमित्र
चालतं. सामान्य प्रशासन विभागाच्या (माहिती तंत्रज्ञान) ४ फेब्रुवारी २०१३ च्या शासन निर्णयात संगणक अर्हतेची यादी आहे: डोएक या केंद्र सरकारी संस्थेची सीसीसी, ओ, ए, बी, सी यांपैकी कुठलीही पातळी, किंवा एमएस-सीआयटी. गल्लीतल्या संस्थेचं ‘बेसिक कॉम्प्युटर’ मात्र चालत नाही, त्याच्यावर कितीही सोनेरी शिक्का असला तरी.

गोदाकाठ
नस्तीवाले सरांनी अनुभवाचा विषय दोन ओळींत उरकला. सहायक आणि वरिष्ठ लिपिकाच्या अर्जांत निम्मी गळती तिथेच होते.

‘अनुभव ३ वर्षे’ असं लिहिलेलं असतं तेव्हा पूर्णवेळ अनुभव धरतात. प्रशिक्षणार्थी म्हणून केलेला काळ, मानधनावरचा, अंशकालीन, तासिका तत्त्वावरचा काळ बहुतेक जाहिरातींत स्पष्ट वगळलेला असतो. आणि अनुभव अर्जाच्या शेवटच्या तारखेला पूर्ण झालेला हवा. २ वर्षं ११ महिने म्हणजे ३ वर्षं नाहीत, तिथे कोणी पूर्णांकात घेत नाही.

प्रमाणपत्र कसं हवं ते सांगतो. लेटरहेड, जावक क्रमांक, तारीख. पदनाम, रुजू झाल्याचा आणि सोडल्याचा दिनांक (महिना-वर्ष नको, दिनांक). कामाचं स्वरूप चार ओळींत. वेतन. पूर्णवेळ होता की नाही. सही करणाऱ्याचं नाव, पदनाम, शिक्का. ‘श्री. अमुक आमच्याकडे अनेक वर्षे प्रामाणिकपणे काम करत होते’ हे निरोप समारंभाचं भाषण झालं, पडताळणीच्या टेबलावर ते बाजूला सरकवतात. सोबत भविष्य निर्वाह निधीचा उतारा ठेवा. प्रमाणपत्रातल्या तारखा आणि निधी भरल्याचे महिने जुळले की पुढचे प्रश्न येत नाहीत.

कामाचं स्वरूप लिहिताना खोटं काही घालू नका, पण मोघमही राहू नका. एखाद्या मोठ्या सोसायटीच्या किंवा बिल्डरच्या ऑफिसात देखभाल शुल्काची वसुली, पावत्या, सभासद नोंदवही, हस्तांतराचे अर्ज असं काम केलं असेल तर तेच शब्द तिथे यायला हवेत. ‘ऑफिस वर्क’ या दोन शब्दांत सगळं बुडतं.

प्रांतकचेरी_मागे
दाखल्यांचं मी घेतो.

वय: खुल्या प्रवर्गाला ३८, मागासवर्गीयांना ४३. कोणत्या तारखेला मोजायचं ते जाहिरातीत असतं.

नॉन-क्रीमीलेअर: जातीचा दाखला एकदा काढला की झालं, पण नॉन-क्रीमीलेअरला मुदत असते आणि पूर येतो तो इथे. दाखला आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेतूतून अर्ज करून प्रांताधिकाऱ्यांच्या सहीने मिळतो. जाहिरात आली की अख्खा जिल्हा एकदम सेतूवर धावतो आणि अर्ज तुंबतात. जाहिरात नसतानाच्या महिन्यात काढून घ्या. उत्पन्नाची मर्यादा ८ लाख. इतर मागासवर्गात पालकांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न त्यात धरत नाहीत. नोकरदारांची मुलं उगाच ‘आमचं जास्त आहे’ म्हणून अर्जच करत नाहीत. पालकांचं पद कोणत्या वर्गाचं आहे ते मात्र वेगळं बघतात.

महिला आरक्षण: समांतर आरक्षण (म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आतलं) ३० टक्के. खुल्या प्रवर्गातल्या महिलांसाठी नॉन-क्रीमीलेअरची अट मे २०२३ च्या शासन निर्णयाने काढली. जुने क्लासवाले अजून मागायला लावतात.

नावातला बदल: लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्र किंवा विवाह नोंदणी प्रमाणपत्र. पदवी माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने आणि टायपिंग तिसऱ्याच स्पेलिंगने, अशी त्रिस्थळी यात्रा पडताळणीला हमखास दिसते.

लहान कुटुंब: २००५ च्या नियमांप्रमाणे नमुना ‘अ’ मध्ये प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. २८ मार्च २००६ नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे हयात मुलांची संख्या दोनपेक्षा जास्त झाली असेल तर अपात्र. यात वाद घालून काही निघत नाही.

उपनगर_नाका
अनुसूचित जमातीच्या उमेदवारांनी जमातीच्या दाखल्याच्या वैधता प्रमाणपत्राकडे दुर्लक्ष करू नये. आदिवासी विकास भवनही गडकरी चौकातच, म्हाडाच्या शेजारधर्माला.

देवळालीकर
सगळे राज्य शासनातच अडकलेत. नाशकात केंद्राचीही क्वार्टर्स भरपूर आहेत. देवळालीत आर्टिलरी आणि कॅन्टोन्मेंट आहे, तिथल्या लष्करी इमारती मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेस म्हणजे एमईएस सांभाळते. त्यांच्या ‘बॅरक अँड स्टोअर’ शाखेचं पर्यवेक्षक पद या धाग्याच्या विषयाला अगदी चिकटून आहे.

पात्रता: अर्थशास्त्र, वाणिज्य, संख्याशास्त्र, बिझनेस स्टडीज किंवा लोकप्रशासन यांपैकी एकात पदव्युत्तर पदवी आणि भांडार किंवा हिशेब सांभाळण्याचा १ वर्षाचा अनुभव. नाहीतर त्याच विषयांत पदवी, सोबत मटेरियल्स मॅनेजमेंट, वेअरहाउसिंग, खरेदी किंवा लॉजिस्टिक्सची पदविका आणि २ वर्षांचा अनुभव. २०२१ च्या भरतीत पर्यवेक्षकाच्या ४५० आणि ड्राफ्ट्समनच्या ५२ अशा ५०२ जागा देशभरात होत्या, वय १८ ते ३० (राखीव प्रवर्गांना सवलत). बी.कॉम.वाल्यांनी या पदविकेकडे बघावं. डिप्लोमा खरंच कुठे कामाला येत असेल तर तो इथे, आणि तोसुद्धा हाउसिंगचा नव्हे, मटेरियल्स मॅनेजमेंटचा.

काम काय? घर रिकामं झालं की ‘मार्चिंग आउट’, नवा माणूस आला की ‘मार्चिंग इन’. हातात यादी घेऊन खोलीखोलीतून फिरायचं: पंखे किती, रेग्युलेटर चालतात का, खिडकीच्या काचा, नळ, गिझर, कडी-कोयंडे, सरकारी फर्निचर नगानिशी. मोडतोड निघाली की त्याची किंमत लावून वसुली. यादीवर दोघांच्या सह्या त्याच जागी, त्याच दिवशी. ‘सही उद्या घेऊ’ म्हटलं की तो पंखा तुमच्या नावावर चढला समजा.

जमाखर्च
डिप्लोमा म्हणून काही करायचंच असेल तर सहकार खात्याचं करा. सहकार आयुक्तालय दरवर्षी दोन परीक्षा घेतं: शासकीय सहकार व लेखा पदविका, म्हणजे आपली जी.डी.सी. ॲण्ड ए., आणि सहकारी गृहनिर्माण संस्था व्यवस्थापन प्रमाणपत्र, म्हणजे सी.एच.एम. क्लासच्या ४० हजारांपुढे यांची फी किरकोळ आहे. म्हाडाच्या लिपिकपदाला ही अट नाही, हे पुन्हा सांगतो, पण वसाहतींमधल्या बहुतेक इमारतींच्या आता सोसायट्या झालेल्या आहेत, आणि टेबलावर येणारे निम्मे कागद सोसायटीचेच असतात. सोसायटीचा हिशेब कळत नसेल तर थकबाकीचा दाखला खरा की खोटा हे कसं ओळखणार?

दोन उदाहरणं देतो, परीक्षेत विचारतात तसली.

बिनभोगवटा शुल्क. मालक स्वतः राहत नाही, भाडेकरू ठेवलाय. महिन्याचं बिल २,९०० रुपये. त्यात घरपट्टीसारखे पालिकेचे कर, सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामासाठी साठवायचा निधी) वगैरे १,१०० आणि सेवाशुल्क १,८००. शुल्क किती? २९० असं उत्तर येतं आणि ते चूक आहे. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाप्रमाणे १० टक्के सेवाशुल्कावर, पालिकेचे कर वगळून. म्हणजे १८०. महिन्याला ११० रुपयांचा फरक दिसायला फुटकळ, पण पाच वर्षांत ६,६०० होतो आणि त्यावरून उपनिबंधकांकडे तक्रार जाते.

सिंकिंग फंड. आदर्श उपविधींप्रमाणे सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या (जमिनीची किंमत सोडून) वर्षाला किमान ०.२५ टक्के. दुरुस्ती निधी ०.७५ टक्के. बांधकाम खर्च १२ लाख धरला तर ३,००० आणि ९,००० वर्षाला. लोक खरेदीच्या किमतीवर मोजतात, त्यात जागा आली, सगळंच फुगतं.

थकबाकीवर व्याज कमाल २१ टक्के, तेही सरळव्याज. हस्तांतर प्रीमियम महापालिका क्षेत्रात जास्तीत जास्त २५,०००. ‘डोनेशन’ म्हणून त्याहून वेगळी रक्कम घेता येत नाही, मग पावतीवर तिला कितीही गोड नाव दिलेलं असो.

पेठ_सुरगाणा
कंत्राटी बाजू राहिलीच. जिल्हा ग्रामीण विकास यंत्रणा आणि पंचायत समित्यांमध्ये प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणसाठी दोन प्रकारची माणसं लागतात: ग्रामीण गृहनिर्माण अभियंता (स्थापत्य पदवी किंवा पदविका) आणि डेटा एंट्री ऑपरेटर. दुसऱ्यात सईताई बसतात. नेमणूक बहुतेक बाह्यस्रोत संस्थेमार्फत, ११ महिन्यांचा करार. त्यावर कायम होण्याची आशा ठेवू नका. नेमणुकीसाठी कोणी ‘डिपॉझिट’ मागत असेल तर तिथूनच परत फिरा.

काम मात्र शिकण्यासारखं. घरकुलाचं अनुदान सपाट भागात १,२०,००० आणि डोंगरी भागात १,३०,०००. घर किमान २५ चौरस मीटर, स्वयंपाकाच्या जागेसह. वर रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी (डोंगरी भागात ९५) आणि शौचालयाचे १२,०००. पैसे टप्प्याने जातात. प्रत्येक टप्प्यावर लाभार्थीसह बांधकामाचा अक्षांश-रेखांशांसकट फोटो चढवल्याशिवाय पुढचा हप्ता निघत नाही.

अडतं कुठे? पहिलं, फोटो. सुरगाण्याच्या आतल्या पाड्यांवर रेंज नसते, तेव्हा फोटो ऑफलाइन घ्यायचा आणि तालुक्याला येऊन चढवायचा. घाईत शेजारच्या घरासमोर उभं राहून फोटो काढला तर पुढच्या टप्प्याला जागा जुळत नाही आणि प्रकरण अडकतं. दुसरं, बँक. आधार जुन्या खात्याला जोडलेलं, आवाससॉफ्टमध्ये (योजनेच्या संगणक प्रणालीत) खातं नवं, म्हणून रक्कम परत येते. नाकारल्याचं कारण पडद्यावर दिसतं. ते वाचून त्याच आठवड्यात लाभार्थ्याला बँकेत पाठवणं हे ऑपरेटरचं खरं काम. तिसरं, जागा. नमुना ८ वर (ग्रामपंचायतीच्या घरांच्या नोंदीत) आजोबांचं नाव, घरकुल नातवाला. ज्यांना जागाच नाही त्यांच्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून जागा खरेदीला मदत मिळते, आता १ लाखापर्यंत. हे पुष्कळ ग्रामपंचायतींत कोणी सांगतच नाही.

गोदाकाठ
शहरी आवास योजनेच्या मार्गदर्शक सूचनांतही महापालिकांसाठी शहरस्तरीय तांत्रिक कक्ष आहे. तिथे एमआयएस तज्ज्ञ, सामाजिक विकास तज्ज्ञ, नगररचनाकार, गृहवित्त तज्ज्ञ अशी कंत्राटी पदं. नुसत्या बी.कॉम.ला अवघड, एमएसडब्ल्यू किंवा नियोजनाची पदवी असलेल्यांनी बघावं. सामाजिक विकास तज्ज्ञाला वस्त्यांत जाऊन लाभार्थी पटवावे लागतात, खुर्चीत बसायचं पद नाही ते.

सातपूरची_सई
इतकं सगळं कुणी एका जागी सांगितलं नव्हतं. नस्तीवाले सर, लिपिक म्हणून टेबलावर नेमकं काय येतं? परीक्षेत सामान्य ज्ञान विचारतात, पण काम तर वेगळंच दिसतंय.

नस्तीवाला
परीक्षा मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बौद्धिक चाचणी या चार विषयांची. शासनाच्या सरळसेवेत गुणवत्ता यादीत यायला एकूण गुणांच्या ४५ टक्के तरी लागतात, प्रत्यक्षात यादी त्याच्या बरीच वर संपते. टेबलावर आलं की हे चारही विषय बाजूला राहतात आणि नस्ती, म्हणजे फाइल, सुरू होते.

हस्तांतराचं उदाहरण घेऊ. मूळ वाटपधारकाने गाळा (म्हाडाच्या भाषेत घर) विकला, घेणाऱ्याला मंडळाच्या दप्तरी नाव लावायचंय. अर्ज आला की आधी आवक क्रमांक. मग मूळ नस्ती काढायची. गाळा क्रमांक, इमारत क्रमांक, योजनेचं नाव, तिन्ही जुळले पाहिजेत. एकाच भागात दोन योजना असतात आणि दोन्हीत ‘इमारत ४, गाळा १२’ असतो. योजनेचं नाव न बघता दुसऱ्याच गाळ्याची थकबाकी मागितली जाते, ही या टेबलावरची जुनी गंमत.

नंतर कागद: वाटपपत्र, ताबापत्र, नोंदणीकृत विक्रीखत आणि सूची-२ (त्या नोंदणीचा उतारा), संस्थेचं ना-हरकत, ना-थकबाकी, दोन्ही बाजूंची प्रतिज्ञापत्रं, ओळखपत्रं. सोडतीतल्या घराच्या विक्रीवर ५ वर्षांचं बंधन असतं, म्हणून टिपणीच्या पहिल्याच परिच्छेदात ताबापत्राची तारीख आणि विक्रीखताची तारीख शेजारी शेजारी लिहा. साहेबांची नजर आधी तिकडेच जाते. मधलं अंतर कमी असेल तर बाकी कागद कितीही चोख असले तरी नस्ती तिथेच थांबते.

जुन्या वसाहतींत विक्रीखतच नसतं, कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ ॲटर्नी) असतं. साध्या मुद्रांकावर, नोटरीसमोर, हातोहात तीन वेळा फिरलेलं. कुलमुखत्यारपत्रावरून मालकी जात नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केलंय. अशी प्रकरणं हस्तांतराच्या नावाने पुढे न पाठवता नियमितीकरणाच्या वाटेने मांडावी लागतात. लिपिकाने यात स्वतःचा निवाडा देऊ नये. मूळ धारक अमुक, त्यानंतर या या तारखांना हे हे कागद, आज भोगवट्यात अमुक, थकबाकी इतकी, एवढंच क्रमाने मांडावं. चांगली टिपणी वाचताना मूळ नस्ती उघडावी लागत नाही.

थकबाकीही समजून घ्या. सेवाशुल्क महिना ७५०, शेवटची पावती मागच्या वर्षीच्या मार्चची, आज मे. मागचा एप्रिल ते हा मे म्हणजे १४ महिने, १०,५०० रुपये. पण गाळेधारक म्हणतो, ऑक्टोबरमध्ये ४,५०० ऑनलाइन भरले. नोंदवहीत दिसत नाहीत. तो खोटं बोलत असतो असं नाही. भरताना गाळा क्रमांक टाकला नाही तर रक्कम मंडळाच्या खात्यात येते, पण कुणाच्या नावे ते कळत नाही आणि ती अनामत पडून राहते. व्यवहार क्रमांक घेऊन लेखा शाखेकडून जुळवून घ्यायची, ६,००० ची मागणी काढायची. इथे माणसाला चार हेलपाटे घालायला लावणारा लिपिक आणि एका फोनमध्ये मिटवणारा लिपिक, यांचा पगार सारखाच असतो, काय करणार.

ताब्याच्या दिवशी महावितरणचा १२ अंकी ग्राहक क्रमांक आणि मीटरचं त्या क्षणाचं वाचन ताबापावतीवर लिहून घ्या. ठेकेदाराने रंगकामासाठी वापरलेली वीज नव्या धारकाच्या बिलात येते आणि पहिली तक्रार तीच असते.

आणखी एक नाशिकचं. ४,००० चौरस मीटर आणि त्यावरच्या खासगी प्रकल्पांत २० टक्के घरं सर्वसमावेशक योजनेतून येतात, ३० ते ५० चौरस मीटरची. सोडत म्हाडाची, इमारत बिल्डरची. त्यामुळे गळती, पाणी, पार्किंग यांच्या तक्रारी म्हाडाकडे येतात, पण दुरुस्तीला माणूस पाठवायचा असतो बिल्डरने. पत्र दोघांच्याही नावे काढावं लागतं, नाहीतर महिनाभर टोलवाटोलवी चालते.

उपनगर_नाका
वारसाच्या प्रकरणांत तलाठ्याचा दाखला चालतो ना? लोक तोच घेऊन येतात.

नस्तीवाला
शेतीच्या फेरफाराची सवय असते, म्हणून आणतात. घराला वारसा प्रमाणपत्र दिवाणी न्यायालयाचं, १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ खाली. मृत्युपत्र किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र असेल तर ते. सोसायटीतल्या नामनिर्देशनाचाही गैरसमज मोठा आहे. नामनिर्देशित व्यक्ती म्हणजे मालक नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सहकार कायद्याच्या कलम १५४ब-१३ मध्ये ती वारस ठरेपर्यंतची तात्पुरती सभासद आहे. भावंडांपैकी एकाचंच नाव नामनिर्देशनात असतं, तो ‘माझ्या एकट्याच्या नावे करा’ म्हणून येतो आणि नस्ती पुढे सरकली की पंधरा दिवसांत बहिणीची हरकत येते. म्हणून आधीच सगळ्या वारसांची नावं, नाती आणि पत्ते लिहून घ्यायचे.

देवळालीकर
अनधिकृत भोगवट्याचे कायदे तिन्हीकडे वेगळे, तेही पाठ असू द्या. केंद्राच्या जागेला १९७१ चा सार्वजनिक परिवास्तू (म्हणजे जागा-इमारती) कायदा, राज्याच्या सरकारी निवासस्थानांना १९५५ चा शासकीय परिवास्तू निष्कासन कायदा, आणि म्हाडाच्या गाळ्याला म्हाडा अधिनियम १९७६ चं कलम ६६. नोटिशीवर चुकीचं कलम पडलं की समोरच्याचा वकील पहिल्याच तारखेला ती फेकून देतो.

सातपूरची_सई
एक शेवटचं. मराठी ३० चा निकाल लागलाय, पण मूळ प्रमाणपत्र संस्थेकडे यायचंय. तोवर जाहिरात आली तर?

टंकमित्र
अर्ज भरा. अर्हता शेवटच्या तारखेपर्यंत धारण केलेली हवी, आणि निकाल त्या तारखेच्या आधीचा असल्याचं कागदावर दिसलं पाहिजे. परीक्षा परिषदेच्या संकेतस्थळावरून बैठक क्रमांक टाकून निकालाची प्रत आजच उतरवून घ्या, कारण जुने निकाल काही काळाने तिथून जातात. संस्थेला लेखी पत्र देऊन प्रमाणपत्र मागा आणि पत्राची पोच घ्या. प्रमाणपत्र हातात आल्यावर नाव, आईचं नाव आणि मराठी ३० हे तीनही तिथेच तपासा. चूक असेल तर संस्थेमार्फतच दुरुस्तीला जातं, आणि त्याला आठवडे लागतात.

प्रांतकचेरी_मागे
आणि अर्जात नाव दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे तसंच टाका. आधार नंतर दुरुस्त होतं, दहावी सहजासहजी होत नाही.